कव्हर फोटो बघायला कोण येतं?

आमच्या खान्देशात दुकानाचं नाव ठरायच्या आधी पाटीवरची पहिली ओळ ठरलेली असते. कानबाई माता प्रसन्न, सप्तशृंगी माता प्रसन्न, ज्याचं जे दैवत असेल ते. त्याखाली दुकानाचं नाव, त्याखाली प्रो. प्रा., मग 'आमचे येथे'पासून सुरू होऊन 'मिळेल'वर संपणारी लांबच लांब यादी आणि सगळ्यात खाली कोपऱ्यात मोबाईल नंबर, तेही दोन, एक मालकाचा आणि एक पोराचा. ही पाटी आधी पेंटर ब्रशने रंगवायचा, मग फ्लेक्स आलं आणि आता तीच पाटी, तीच फाईल, फेसबुकवर कव्हर फोटो म्हणून, म्हणजे पेजच्या डोक्यावरचा आडवा फोटो म्हणून, चढते. मी चाळीसगावला डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतो, त्यामुळे ह्या फाईली माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून बोलतोय.

तर ती फाईल चढवली की काय होतं? कॉम्प्युटरवर बघितलं तर देवीच्या नावाच्या वेलांट्या आणि मात्रा वरून छाटलेल्या. मोबाईलवर बघितलं तर देवी शाबूत, पण दोन्ही बाजू उडालेल्या, नंबरचे निम्मे आकडे गायब. मग फोन येतो, "भाऊ, मना नंबर कथा गया?"

नंबर कुठे गेला ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी डोकेदुखी संपते. फेसबुक पेजचं कव्हर कॉम्प्युटरवर साधारण ८२० बाय ३१२ पिक्सेल दिसतं आणि मोबाईलवर ६४० बाय ३६०. म्हणजे एकीकडे लांबट पट्टी आणि दुसरीकडे टीव्हीसारखा चौकोन, आणि फोटो मात्र एकच. आपला १० बाय ४ चा फ्लेक्स दोन्हीकडे बसत नाही, कॉम्प्युटरवर वरखाली थोडा कापला जातो आणि मोबाईलवर डाव्या उजव्या बाजूने चांगलाच कापला जातो. ह्यावर डिझाईनवाले लोक एक जुनी युक्ती करतात, ८२० बाय ३६० चं पान घ्यायचं (मी दुप्पट घेतो, १६४० बाय ७२०, म्हणजे अक्षरं फुटत नाहीत) आणि कामाचं जे काही आहे ते मधल्या ६४० बाय ३१२ च्या भागात ठेवायचं, दुप्पट पान असेल तर तेही दुप्पट. कडेला फक्त आकाश, भिंत, शेत, जे कापलं गेलं तरी कुणी रडणार नाही असं. आणि खाली डाव्या कोपऱ्यात डीपीचा गोल येऊन बसतो, तिथेही काही लिहायचं नाही. फेसबुक मांडणी अधूनमधून बदलत असतं, त्यामुळे चढवल्यावर दोन वेगळ्या मोबाईलवर आणि एका कॉम्प्युटरवर बघून घ्यायचं. यूट्यूबचं तर अजून भारी, तिथे २५६० बाय १४४० चं चित्र मागतात, टीव्हीवर सगळं दिसतं आणि मोबाईलवर फक्त मधली चिंधी. तिथेही कामाचं मध्येच ठेवायचं.

रंगाचंही तेच. फ्लेक्सची फाईल छपाईसाठी सीएमवायके मध्ये असते, स्क्रीनला आरजीबी लागतं. तीच फाईल सरळ नेटवर टाकली की कुंकवाचा लाल विटकरी होतो, नाहीतर हिरवा असा काही चमकतो की शेतकरी म्हणेल हे कुठलं औषध मारलं. फेसबुकच्या मदतीच्या पानावर स्वच्छ लिहिलंय की एसआरजीबी रंगातली जेपीजी, १०० केबीच्या आत, लवकर उघडते आणि लोगो किंवा अक्षरं असतील तर पीएनजी चांगली. आणि ती फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवायची असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर ती येता येताच अर्धमेली होते. बस, मापाचं एवढंच.

खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला मापं पाठ झाल्यावर बऱ्याच दिवसांनी समजली. कव्हर फोटो बघायला येतं कोण?

जरा विचार करा. फेसबुक उघडल्यावर आपल्यासमोर येतात त्या पोस्ट, रील, जाहिराती. कव्हर आपोआप समोर येत नाही, ते बघायला पेजवर जावं लागतं. (बदलता त्या दिवशी त्याची एक पोस्ट होऊन काही लोकांना दिसते, ते वेगळं.) आणि पेजवर कोण जातं? ज्याने तुमचं नाव आधीच कुठेतरी ऐकलंय तो. कुणी मेहुण्याने सांगितलं, कुणी लग्नात तुमच्या हातचं जेवलं, कुणी शिरपूरहून येताना तुमची गाडी बघितली, आणि मग रात्री जेवण झाल्यावर खाटेवर पडल्या पडल्या त्याने नाव टाकून शोधलं. त्याला तुमची जाहिरात नकोय, जाहिरात त्याच्या मेहुण्याने आधीच केलीय. त्याच्या डोक्यात एकच शंका आहे, हे खरंच आहेत का आणि हेच आहेत का? त्या शंकेचं उत्तर द्यायला कव्हर. आणि आपण त्या जागेवर काय लावतो तर हात मिळवणारे दोन कोटवाले गोरे माणसं, मागे काचेची बिल्डिंग, आणि त्यावर आपलं 'कृषी सेवा केंद्र'.

एका आजोबांचं दुकान होतं, भांड्यांचं, पोराने मुंबईला असताना पेज काढलं आणि कव्हरला कुठल्यातरी मॉलमधलं चकचकीत किचन लावलं. आजोबांना मोबाईलवर दाखवलं तर ते चष्मा वर करून म्हणाले, "हाई आम्हनं दुकान नई शे." विषय संपला. मार्केटिंगचा क्लास लावला तरी ह्याहून नेमकं कुणी सांगणार नाही.

आता केळीचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्या घरचं आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर यावलकडे जा, रस्त्याच्या दोन्ही अंगाला बागाच बागा. तिथले व्यापारी, पॅकिंगवाले, आता पेज काढतात, चांगलंय. पण कव्हर बघा, गूगलवरून उचललेली पिवळीजर्द केळी, एकसारखी, पांढऱ्या बॅकग्राऊंडवर, बाजूला एक पान. अहो, आपली केळी बागेतून पिवळी निघते का? घड हिरवा कापतात, पिकवायचं काम पुढे पोचल्यावर, रायपनिंग चेंबरमध्ये. दिल्लीचा किंवा पंजाबचा घेणारा माणूस जेव्हा तुमचं पेज उघडतो तेव्हा त्याला पिवळं केळं बघून काय कळणार, पिवळं केळं तर त्याच्या घराखालच्या गाडीवर आहे. त्याला बघायचंय हिरवा घड कसा भरलाय, फण्या डागाळल्यात की साफ आहेत, धुवायला टाकी आहे का, बॉक्समध्ये भरताना मध्ये फोम घालतात का, गाडी उभी राहायला जागा आहे का. हे सगळं एका फोटोत येतं हो! पॅकिंग शेडमध्ये सकाळी काम चालू असताना मोबाईल आडवा धरून काढलेला एक फोटो. त्यात एखादा मजूर पाठमोरा असेल, जमिनीवर पाणी सांडलेलं असेल, असू दे. त्या सांडलेल्या पाण्यानेच घेणाऱ्याला कळतं की इथे माल धुतला जातो.

उलट माझ्याकडे आलेल्या एक ताई होत्या, पाचोऱ्याकडच्या, बिबडे (ज्वारीचे पापड), शेवया, उडदाचे पापड, कुरडया असं उन्हाळ्याचं सगळं करायच्या, बचत गटाच्या बाया घेऊन. त्यांना कव्हरवर काय हवं होतं तर लक्ष्मी, तिच्या हातातून पडणारी नाणी, 'शुद्ध', 'सात्विक', 'घरगुती' असे तीन शब्द वेगवेगळ्या रंगात आणि एक परदेशी बाई शेफची टोपी घालून. मी विचारलं मावशी, माफ करा ताई, मोबाईलमध्ये तुमचे कामाचे फोटो आहेत का? त्या म्हणाल्या कामाचे कसले फोटो, कामाच्या वेळी आम्ही कशाही असतो. तरी दाखवले. त्यात एक होता, गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यावर ओळीने ज्वारीचे बिबडे वाळत घातलेले, कडेला दोन बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या, आणि मागे एक पोरगं चोरून ओला बिबडा खातंय. बास. मी म्हटलं हाच. त्या म्हणे, अहो ह्याच्यात ते पोरगं दिसतंय. मी म्हटलं ताई, ते पोरगं दिसतंय म्हणून तर घ्यायचा.

आणि ज्याचं बालपण खान्देशात गेलं आणि आता जो पुण्याला हिंजवडीत बसून डब्यातली मेसची भाजी खातोय, त्याला 'सात्विक' शब्द काही करत नाही. त्याला ती साडीवरची ओळ बघून ओल्या बिबड्याची चव येते जिभेवर. ताईंची ऑर्डर पुण्याचीच जास्त असते, गावात कोण विकत घेणार, गावात सगळ्यांच्याच गच्चीवर तेच चालू असतं.

फोटो कसा काढायचा ह्याबद्दल आमच्या चाळीसगावच्या माणसाने तरी तक्रार करू नये. केकी मूस इथलेच, कलामहर्षी म्हणतात त्यांना, १९१२ चा जन्म आणि १९८९ ला गेले, विलायतेत शिकून आले आणि नंतर वर्षानुवर्षं आपल्या घरातच राहिले. टेबलटॉप फोटोग्राफीसाठी त्यांचं नाव, म्हणजे टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, त्यावर हवा तसा उजेड घेऊन, अख्खा देखावा उभा करायचा. ते घर आता त्यांच्या कलेचं संग्रहालय म्हणून जपलंय, गेला नसाल तर जाऊन या. मी दर थोड्या दिवसांनी कुणा ना कुणा गिऱ्हाईकाला तिकडे पाठवतो. उजेड आणि मांडणी, एवढ्यावर माणूस चाळीसगावात बसून काय करू शकतो ते बघा आणि मग मला सांगा की चांगल्या कॅमेऱ्याशिवाय फोटो येत नाही.

आपल्याकडे उजेडाचा तोटा नाही, उजेड जास्त आहे हीच अडचण. एप्रिल मेमध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारी बाराला काढलेला फोटो म्हणजे पत्र्याची झळाळी आणि खाली कोळशासारखी काळी सावली, दुकानाच्या आतलं काही दिसत नाही. सकाळी नऊच्या आत काढा, नाहीतर संध्याकाळी दिवे लागायच्या जरा आधी, तेव्हा बाहेरचा उजेड आणि आतले दिवे दोन्ही सारखे येतात, सराफ दुकानाला तर हीच वेळ. जळगावच्या सराफ बाजाराचं नाव देशभर, सोनं घ्यायला लोक लांबून येतात, तिथल्या माणसाला मी काय सांगणार, पण छोट्या गावातल्या सोनाराला सांगतो की दागिन्याचा कॅटलॉगमधला फोटो नको, काउंटरवर बसलेले तुम्ही आणि समोर वजनकाटा असा काढा. गिऱ्हाईकाचा जीव काट्यातच अडकलेला असतो.

पण मग ऑफर, पत्ता, नंबर, 'आमचे येथे' हे सगळं कुठे टाकायचं? ह्यावर माझी रोज भांडणं होतात. आधी थोडा इतिहास सांगतो. २०१२ मध्ये पेजला कव्हर आलं तेव्हा फेसबुकनेच नियम केला होता की कव्हरवर किंमत नाही, सूट नाही, फोन नंबर पत्ता नाही, 'लाईक करा' नाही, 'आत्ताच घ्या' नाही. मग २०१३ च्या सुरुवातीला अक्षरं २० टक्क्यांच्या वर नकोत असाही एक नियम होता. त्याच वर्षी हे सगळं एकेक करून सैल झालं, आता अक्षरं कितीही लिहा, खोटं आणि दुसऱ्याचं चोरलेलं तेवढं नको. बंदी उठल्याबरोबर 'आमचे येथे' परत आलं. मला विचाराल तर तो पहिला नियम दुकानदाराच्या भल्याचा होता, पण भल्याचं कोण ऐकतं.

माझा तोडगा असा. कव्हरवर बोट ठेवलं की फोटो मोठा उघडतो आणि त्याच्यासोबत माहिती लिहायला जागा असते. दहातल्या नऊ पेजवर ती जागा कोरी. तिथे लिहा ना काय लिहायचं ते! देवीचं नाव वर, पूर्ण मात्रांसकट, मग यादी, मग पत्ता, बसस्टँडपासून कसं यायचं, नंबर दोन्ही, व्हॉट्सअ‍ॅपची लिंक. चित्रातला नंबर दाबून काही होत नाही, इथली लिंक दाबली की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. शिवाय ते साधं टाईप केलेलं मराठी असतं, कुणालाही कॉपी करून पुढे पाठवता येतं. चित्रातली श्रीलिपी फॉन्टची अक्षरं कोण कॉपी करणार?

आणखी एक गोष्ट, जी मला ह्या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. कव्हर बदललं म्हणून जुनं जात नाही. तुम्ही मुद्दाम काढून टाकलं नाही तर सगळी जुनी कव्हरं एका अल्बममध्ये तारखेसकट राहतात, आणि कव्हर हे कायम पब्लिकच असतं. आता नकली पेजचा धंदा बघा, एखाद्या ट्रॅक्टर डीलरचं, बियाणेवाल्याचं, नाहीतर शेळीपालनवाल्याचं नाव घ्यायचं, त्याचंच कव्हर, त्याचाच डीपी उचलायचा आणि 'बुकिंगसाठी ॲडव्हान्स पाठवा' म्हणून क्यूआर कोड द्यायचा. फोटो एका मिनिटात चोरता येतो. म्हणजे मी वर जे म्हणत होतो की खरा फोटो लावा म्हणजे शंका फिटते, ते अर्धंच खरं. एक फोटो कुणीही चोरेल. पण आठ वर्षांची कव्हरं? त्याच दुकानाचं आधी पत्र्याचं शेड, मग पुढच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवीन शटर, मग एका वर्षी बाहेर पाणी साचलेलं, मग पोराच्या लग्नानंतर काउंटरवर सून, त्या त्या वर्षीच्या तारखा, त्याखाली गावातल्याच लोकांच्या 'अभिनंदन जिभाऊ' अशा कॉमेंट. हे चोराला एका दिवसात उभं करणं अवघड. आणि पेजच्या पारदर्शकतेच्या विभागात पेज कधी काढलं, नाव कितीदा बदललं हेही दिसतं, तेही बघायची सवय लावा, घेणाऱ्यानेही आणि विकणाऱ्यानेही.

म्हणून मी आता गिऱ्हाईकाला एक कव्हर विकत नाही, वर्षाची चार पाच सांगतो, सणाला आणि हंगामाला धरून. आखाजीला एक, श्रावणात कानबाईला एक, दिवाळीला एक, आणि धंद्याचा जो हंगाम असेल त्याचं एक. पण सणाचं म्हणजे नेटवरची तयार 'हार्दिक शुभेच्छा' नाही. कानबाई बसते तेव्हा तुमच्या किराणा दुकानात रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या, तयारीसाठी काय गर्दी असते, त्या गर्दीचा काढा. दिवाळीला पणती सगळ्यांच्याच कव्हरवर असते, एकाच वेबसाईटवरची एकच पणती, मी मोजायचं सोडून दिलंय.

आणि हो, साहेबांचे फोटो. निवडणूक जवळ आली की दुकानाच्या पेजच्या कव्हरवर भाऊ, दादा, अण्णा चढतात, हात जोडून. मी पोट भरायला ते फ्लेक्स छापतो, खोटं कशाला बोलू, रात्र रात्र मशीन चालू असते. पण दुकानाच्या पेजवर नका लावू बाबा. हार्डवेअर घ्यायला दोन्ही पार्टीचे येतात. पाच वर्षांनी भाऊ पार्टी बदलतात आणि तुमच्या अल्बममध्ये तो फोटो तारखेसकट तसाच.

गूगल मॅपचं वेगळं गणित आहे. तिथे तुम्ही कव्हर म्हणून फोटो दिला तरी गूगल तोच पहिला दाखवेल असं नाही, कुणा येणाऱ्याजाणाऱ्याने टाकलेला फोटोही पुढे येतो. हायवेच्या एका ढाब्याने झाडं, कारंजं, रंगीत दिवे असा फोटो लावला होता, गूगलवर पहिला दिसायचा तो कुठल्यातरी ट्रकवाल्याने काढलेला शेवभाजीचा, स्टीलच्या ताटात लालभडक तर्री, वर शेव, बाजूला कांदा आणि अर्धी तोडलेली भाकर. मालक चिडलेला, काढता येईल का विचारायला आला होता. मी त्याला म्हटलं ह्याच फोटोने लोक गाडी वळवताहेत, फेसबुकला पण हाच लावू. तो म्हणे, ताट कडेला पुसलेलं नाही. मी म्हटलं बरं, मग उद्या सकाळी पुसून काढू. तर तो म्हणाला सकाळी नको, तर्री संध्याकाळीच येते बरोबर, सकाळचं तेल वर येत नाही. मग संध्याकाळचं ठरलंय, कॅमेऱ्याचे पैसे देणार नाही, जेवण देतो म्हणाला.